मावशीजवळ देव हाय

गेली चार वर्षं मी रागात होते. कुणावर, असं कुणी विचारलं असतं तर मी यादी काढून हातात दिली असती, तीसुद्धा छापील. नाशिकरोडला एका छोट्या प्रेसमध्ये मी डीटीपीचं काम करते. लग्नपत्रिका, बिलबुकं आणि हंगामात द्राक्षांच्या पेट्यांची लेबलं. लेबलं कापून झाली की कागदाच्या लांबट पट्ट्या उरतात. मालक म्हणाले, घेऊन जा, नाहीतरी रद्दीतच जाणार. त्या पट्ट्यांवर मी माझी पत्रकं छापायचे. त्यामुळे आमच्या चळवळीच्या बऱ्याच पत्रकांच्या पाठीवर अर्धामुर्धा द्राक्षाचा घड असायचा आणि पुढच्या बाजूला ठळक अक्षरांत मी.

चळवळ हा शब्द जरा मोठाच झाला. आम्ही सहा जण होतो, त्यातले दोघं नोकरीसाठी पुण्याला गेले. मागण्या मात्र मोठ्या होत्या. आमच्या चर्चमध्ये वेदीसमोर एक लाकडी कठडा होता. लोक त्याच्यापाशी ओळीने गुडघे टेकायचे आणि फादर एकेकाच्या जिभेवर ख्रिस्तशरीर, म्हणजे अभिमंत्रित भाकरीची पातळ चकती, ठेवायचे. मी तिसरीत असताना नूतनीकरणात तो कठडा काढला. आता रांग लागते, हात पुढे करायचा, घ्यायचं आणि बाजूला व्हायचं, रेशनच्या दुकानासारखं. वेदीच्या बाजूला पडदा आला, पडद्यावर गाण्याचे शब्द आले, गिटार आली. जुनी लॅटिन मिस्सा, म्हणजे लॅटिनमधली वेदीवरची उपासना, महिन्यातून एकदा तरी होऊ द्या, असं पत्र आम्ही बिशपांच्या ऑफिसला दिलं, तर दोन ओळींचं उत्तर आलं: पत्र मिळालं, विचार चालू आहे. तो विचार अजून चालूच आहे. रोमनेही त्या मिस्सेवर बंधनं वाढवली. ज्या मिस्सेत शेकडो वर्षं संत गुडघे टेकत आले, तिच्यासाठी आता अर्ज करायचा! मला हे पटत नव्हतं आणि खरं सांगते, आजही पटत नाही.

त्यात भर मोबाइलवरच्या भाष्यकारांची. एक जात इंग्रजीतून बोलणारी. वरून काहीही निर्णय आला की त्यांचं आपलं वाहवा, आणि आमच्यासारखे लोक म्हणजे भूतकाळात अडकलेले, मनाने आजारी. दुसरी जात आमच्या बाजूची. कुठल्या बिशपांना शिंक आली तरी त्यावर दोन तासांचा व्हिडिओ. मी दुसऱ्यांचं ऐकायचे आणि पहिल्यांना उत्तरं लिहायचे. जेवताना माझ्या आणि आईच्या मध्ये पाण्याचा तांब्या असायचा आणि तांब्याला टेकवून उभा केलेला फोन. वडील गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. आई घास चावत ऐकून घ्यायची. एकदा म्हणाली, "हा माणूस प्रार्थना कधी करतो गं? बोलतच असतो." मी तिला समजावून सांगितलं की ही लढाई आहे. तिने मला आणखी एक पोळी वाढली.

ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पहिल्या आठवड्यात आई न्हाणीत पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, घरी आणली. रोज सकाळी पदर डोक्यावर घेऊन मिस्सेला जाणारी ही बाई, तीस वर्षांत तिची मिस्सा बोटांवर मोजण्याइतकी चुकली असेल, आता खिडकीजवळच्या कॉटवर पडून घंटेचा आवाज ऐकायची. घंटा झाली की ओठ हलायचे. फादर आले, पापनिवेदन ऐकलं, आजाऱ्यांचं तेल लावलं, ख्रिस्तशरीर दिलं. फादर म्हणजे आमचे गिटारवाले. मी त्यांच्याशी जेवढ्यास तेवढं बोलले. जाताना म्हणाले, "मला या काळात बाहेरच्या गावांना फिरावं लागतं आणि शेवटी दहा दिवस ध्यानसाधनेला जायचंय. दर शुक्रवारी फिलोमिना मावशी येतील ख्रिस्तशरीर घेऊन." मी मान डोलावली. पण माझं ठरलं होतं.

कारण माझं पाचवं पत्रक नेमकं याच विषयावर होतं. अभिषेक झालेल्या हातांखेरीज, म्हणजे फादरांखेरीज, कुणीही ख्रिस्तशरीराला हात लावू नये. आजाऱ्यांना ते नेऊन द्यायला प्रापंचिक माणसांना परवानगी आहे, हे मला माहीत होतं. परवानगी असणं आणि योग्य असणं यांतला फरकच तर मी छापला होता! फिलोमिना मावशी आमच्या शाळेत शिपाई होत्या. मी बाकावरून पडले तेव्हा त्यांनीच माझ्या गुडघ्याला टिंक्चर लावलं होतं. माणूस सोन्यासारखा, हे मी तेव्हाही म्हणत होते. पण तत्त्व ते तत्त्व. आणि आईसुद्धा एकदा बोलता बोलता म्हणाली होती, "फादरच्या हातूनच बरं वाटतं." तेवढं वाक्य मी धरून ठेवलं.

पहिल्या शुक्रवारी मावशी दारात आल्या. डोक्यावर पदर, एक हात छातीशी. मी दार अर्धंच उघडलं आणि तयार करून ठेवलेलं वाक्य म्हणाले, "मावशी, राग मानू नका, पण आम्ही फादरांच्या हातूनच घेऊ." त्या एक शब्द बोलल्या नाहीत. माझ्याकडे पाहिलं, मान लववली आणि जिना उतरून गेल्या. मला वाटलं, उत्तर नसेल त्यांच्याकडे. दुसऱ्या शुक्रवारी पुन्हा आल्या, पुन्हा तेच. तिसऱ्या शुक्रवारी मी दार लावून आत वळले तर आईच्या कॉटशेजारच्या स्टुलावर पांढरा रुमाल अंथरलेला दिसला. कोपऱ्यात तिने स्वतः भरलेला लहानसा क्रूस. रुमालावर मेणबत्ती आणि काड्यापेटी. हात पोहोचेल तेवढ्यात हळूहळू ओढून तिने ते मांडलं असणार. आधीच्या दोन्ही शुक्रवारी मांडलं असणार आणि मला दिसायच्या आत उचलून ठेवलं असणार. या वेळी तिने उचललं नाही.

"आई, फादर साधनेवरून आले की..." मी सुरुवात केली.

"माझ्या तोंडचा घास आहे बाई तो," आई म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "तू तीनदा दारातून परत पाठवलास."

आणि तिने भिंतीकडे तोंड केलं.

त्याच दुपारी जखम चिघळल्याचं दिसलं. डॉक्टरांनी पुन्हा ऑपरेशन सांगितलं, येत्या सोमवारी. या वेळी त्यांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की साखर जास्त आहे, हृदय थकलंय, धोका आहे, सही विचार करून करा. मी सही केली. घरी येऊन आईला म्हटलं, काही होत नाही. ती म्हणाली, "होऊ दे नाहीतर न होऊ दे. जायच्या आधी एकदा प्रभूला घ्यायचंय. एवढं कर." त्यानंतर तिने काही मागितलं नाही.

आता माझी खरी पंचाईत झाली. गिटारवाले फादर साधनेला गेलेले, फोन बंद. दुसऱ्या कुठल्या चर्चच्या फादरांना बोलवावं, तर फोनमध्ये ज्यांचे ज्यांचे नंबर होते त्या प्रत्येकाला मी पत्रक पाठवलेलं होतं, काहींना दोनदा. तरी लाज गिळून दोघांना फोन केला. एक परगावी होते, दुसऱ्यांनी उचलला नाही. मला तेव्हा वाटलं, माझा नंबर बघूनच उचलला नसेल. आणि फिलोमिना मावशींना निरोप पाठवायचा? फोन हातात घेतला आणि पुन्हा ठेवून दिला. आई तिकडे भिंतीकडे तोंड करून, आणि मी इकडे माझ्याच पाचव्या पत्रकात अडकलेली. सभेत मी कधी गप्प बसलेली नाही, पण त्या दिवशी प्रार्थनेला बसले तर एक वाक्य सुचेना. शेवटी एवढंच म्हटलं, प्रभू, मी बरोबर आहे ना?

मग थोरले फादर आठवले. दिंडोरीच्या पुढे एका खेड्यात जुनं मिशनघर आहे, तिथे एक खूप म्हातारे फादर एकटे राहतात, पोरवयात जुन्या मिस्सेत वेदीसेवक होते, लॅटिन सगळी पाठ आहे, असं मी ऐकून होते. आमच्या अर्जावर त्यांची सही घ्यायची, असं कधीपासून मनात होतं. ठरवलं, उद्या शनिवारीच जायचं, त्यांना गाडी करून घरी आणायचं. अभिषेक झालेले हात, तेही जुन्या मुशीतले! आईचं काम होईल आणि सहीसुद्धा. शनिवारी सकाळी शेजारच्या काकूंना आईजवळ बसवलं, स्कुटी काढली, डिकीत अर्ज आणि पत्रकांचा गठ्ठा टाकला आणि निघाले.

दिंडोरी सोडून पुढच्या फाट्यावर मागचं चाक बसलं. पंक्चरवाल्याचं दुकान समोर, पण तो जेवायला घरी गेलेला. कधी येईल, तर येईल. ऊन चढत होतं. दोन्ही बाजूंना द्राक्षाचे मळे, कागदात गुंडाळलेले घड, आणि कुठेतरी फवारणीच्या ट्रॅक्टरची घरघर. मी देवाला बोल लावायच्या बेतात होते. तेवढ्यात क्रेट भरलेली एक पिकअप फाट्यावर वळली आणि थांबली. ड्रायव्हरने मान बाहेर काढली. "ताई, कुठं?"

मी मिशनघराचं सांगितलं.

"मी बी तिकडंच चाललोय. बसा. गाडीचं टेन्शन नका घेऊ, चावी ठेवा इथं टपरीवर. पंक्चरवाला माझा साडू हाय."

दार उघडलं तर आत खिडकीला फिलोमिना मावशी.

डोक्यावर पदर, एक हात छातीशी, नजर समोर रस्त्यावर. मला पाहून त्यांनी मान लववली, पाय आखडून मला मधे जागा दिली आणि पुन्हा समोर बघू लागल्या. मी "मावशी, तुम्ही इकडे?" म्हटलं. उत्तर नाही. मला वाटलं, धरलाय राग. धरणारच. मग माझ्याही अंगात आलं. नाही तर नाही! मी ड्रायव्हरकडे वळले.

त्याचं नाव सोमनाथ. बोलका माणूस, पण का कोण जाणे आवाज हळू ठेवून बोलत होता. तुम्ही काय करता म्हणाला. मी सांगितलं, प्रेसमध्ये असते, शिवाय चर्चचं काम करते. म्हणजे काय, म्हणाला. झालं, मला तेवढंच पाहिजे होतं. कठडा सांगितला, पडदा सांगितला, गिटार सांगितली. आता आमच्यात कुणीही उठतं आणि देवाला हात लावतं, असंही म्हणाले. आवाज चढवून म्हणाले, कारण ते वाक्य सोमनाथसाठी नव्हतंच. मावशी हलल्या नाहीत. सोमनाथने एकदा माझ्या पलीकडे त्यांच्याकडे पाहिलं आणि गिअर बदलला. मी फोन काढला. आमच्याविरुद्ध बोलणाऱ्या एका भाष्यकाराचा नवा व्हिडिओ आला होता, त्याला उत्तर लिहायचं होतं. म्हटलं, ऐकून घेऊ. आवाज पूर्ण वाढवला. गाडीत तो माणूस इंग्रजीतून आमच्यासारख्यांच्या कडवेपणाबद्दल बोलायला लागला.

"ताई," सोमनाथ म्हणाला, "तेवढं बंद करता का?"

"का? तुमचं गाणं लावायचंय का?"

"नाय हो. मी बी गाणं बंदच ठेवलंय," तो म्हणाला. "मावशीजवळ देव हाय ना आज."

मला क्षणभर कळलंच नाही. मग मी मावशींच्या त्या हाताकडे पाहिलं. पदराच्या आत गळ्यात एक पांढरी कापडी पिशवी होती, मुठीएवढी, आणि हात तिच्यावर होता. ख्रिस्तशरीर नेतात ती लहान गोल डबी त्या पिशवीत असते. मी तिच्याबद्दल पत्रक लिहिलं होतं. इतक्या जवळून पाहिली नव्हती.

"शनवारी फादरबाबांसाठी घेऊन जातात ह्या," सोमनाथ सांगत होता. "जाताना एक शब्द बोलत नाय. येताना लय बोलतात. पहिल्यांदा मला वाटलं, मुकी हाय मावशी. मग फादरबाबांनीच सांगितलं, देव जवळ असला का ती त्याच्याशी बोलत असते, तुझ्याशी कशी बोलंल. तवापासून मी बी टेप लावत नाय. गाडी बी सावकाश."

ख्रिस्तशरीर घेऊन जाणाऱ्याने वाटेत बोलू नये, हा जुना रिवाज आहे. जुना म्हणजे माझ्या बाजूचा! मला तो माहीत होता. कुणी आता पाळत नाही, असं मी छापलंसुद्धा होतं. आणि तीन शुक्रवार माझ्या दारात तो रिवाज पाळत उभी राहिलेली बाई मी पाहिली आणि म्हटलं, हिच्याकडे उत्तर नाही. गुडघे टेका, गुडघे टेका म्हणून गावभर ओरडणारी मी, माझ्या प्रभूच्या शेजारी मांडीला मांडी लावून पाव तास बसले होते आणि त्याला व्हिडिओ ऐकवत होते. एका पिकअपवाल्याला, ज्याने आमच्या चर्चची पायरी चढली नसेल, त्याला कळत होतं गाडीत कोण बसलंय.

फोन बंद केला. पर्समध्ये मिस्सेला घालायची पांढरी जाळीची ओढणी असते, ती काढून डोक्यावर घेतली. गाडीत गुडघे टेकता येत नाहीत. हात जोडले आणि बसून राहिले. पुढचा रस्ता कच्चा होता. सोमनाथ खड्डे चुकवत चालला होता, मागे क्रेट एकमेकांवर घासत होते. गेल्या चार वर्षांत माझ्या डोक्यात कुणीतरी कुणाला तरी उत्तर देत नाही असा तेवढाच वेळ. मी काही मागितलं नाही. मागावं असं सुचलंही नाही. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मावशींनी समोरची नजर न हलवता पदराच्या टोकाशी खोवलेला रुमाल काढून माझ्या मांडीवर ठेवला.

मिशनघर म्हणजे दोन खोल्या आणि पडवी. राखणदाराच्या बायकोने स्टूल पुसून वर मेणबत्ती लावून ठेवली होती. थोरले फादर खुर्चीत होते. मी ज्या हातांसाठी आले होते ते हात मांडीवर होते, आणि थरथरत होते. थरथर म्हणजे म्हातारपणाची नव्हे, कंपवाताची. बोटं आपापल्या मर्जीने उडत होती. त्यांनी क्रूसाची खूण करायला हात कपाळाकडे नेला तर तो कानाकडे गेला. राखणदाराच्या बायकोने खालून आधार दिला. मावशींनी प्रार्थना म्हटली, डबी उघडली. साठ वर्षांच्या आसपास लोकांच्या जिभेवर ख्रिस्तशरीर ठेवलेल्या त्या माणसाने लहान मुलासारखं तोंड उघडलं, आणि आमच्या शाळेच्या शिपाईमावशींनी ते त्याच्या जिभेवर ठेवलं. मी जमिनीवर गुडघे टेकले होते.

नंतर मावशींनी डबी मिटून पिशवीत ठेवली. मग फादरांनी माझ्याकडे पाहिलं. "पत्रकवाली ती तूच का?"

मी मान हलवली.

"इथे सगळी येतात तुझी पत्रकं. शुद्धलेखन चांगलं आहे. पण मला पाठची बाजू जास्त आवडते, द्राक्षांची."

मावशी खुदकन हसल्या. मी अर्जाचं नावही काढलं नव्हतं, तरी ते म्हणाले, "कठडा काढला ना, तेव्हा मी रडलो होतो. लॅटिन मला अजून सगळी येते, फक्त दात नाहीत. तू मागतेस त्यात चूक नाही. माग. बिशपांकडे माग, रोमकडे माग." मग त्यांनी दोन्ही हात वर केले, जितके होतील तितके. "पण हे बघ. अभिषेक झालेले हात. आता यांच्यात चमचासुद्धा टिकत नाही. मग मी काय करू? उपाशी राहू?"

मी आईबद्दल सांगितलं. तीन शुक्रवार सांगितले, सोमवार सांगितला. सांगताना पहिल्यांदाच ते मला माझ्याच कानांनी ऐकू आलं. तुम्हाला न्यायला आले होते, म्हटलं.

"मला कशाला उचलून नेतेस? वाटेत सांडेन मी." त्यांनी मावशींकडे पाहिलं. "फिलोमिना, तुझ्याकडे आहे का?"

मावशी त्या दिवशी पहिल्यांदा माझ्याशी बोलल्या. गावात आणखी एका आजारी म्हाताऱ्यासाठी त्यांनी ख्रिस्तशरीर आणलं होतं. पण राखणदाराच्या बायकोने आल्या आल्याच हळूच सांगितलं होतं की त्याला आज सकाळी मुलगा देवळ्याला घेऊन गेला, आठवडाभर तरी येणार नाही. "एक उरलाय बाई," त्या म्हणाल्या. "मी परत चर्चला नेऊन ठेवणार होते."

यावर मी काही भाष्य करणार नाही. म्हाताऱ्याचा मुलगा त्याच्या सवडीने आला असेल, चाक खिळ्याने बसलं असेल, सोमनाथ रोजच त्या रस्त्याने जातो. मी फक्त घडलं तसं सांगते आहे. मी मावशींच्या पायांना हात लावायला वाकले, तर त्या मागे सरकल्या आणि छातीवरच्या पिशवीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "आधी ह्यांचं काम. माझ्याशी नंतर भांड." आणि पुन्हा गप्प झाल्या.

सोमनाथने क्रेट उतरवून आम्हाला फाट्यावर आणून सोडलं. चाक तयार होतं. मावशी मागे बसल्या, एक हात माझ्या खांद्यावर, एक छातीशी. तिथून नाशिकरोडपर्यंत मी स्कुटी जशी चालवली तशी आयुष्यात कधी चालवलेली नाही. गतिरोधक आला की जवळजवळ थांबायचे. मागून ट्रकवाले हॉर्न वाजवत होते, एकजण ओरडला, "ओ ताई, वरात चाललीय का?" हो, चाललीच होती. फोन डिकीत अर्जाखाली होता. तो वाजत असेल तर वाजत असेल.

घरी जिना चढताना मी पुढे झाले, दार पूर्ण उघडलं आणि बाजूला उभी राहिले. आईने मावशींना पाहिलं, मग मला. मी स्टूल ओढलं. रुमाल कुठे आहे विचारायच्या आधी तिने तो उशीखालून काढला. घडी मोडली होती, क्रूसाचा धागा एका टोकाला सुटला होता. मी मेणबत्ती लावली आणि खाली गुडघ्यांवर बसले. मावशींनी या घराला शांती असो म्हटलं. आईने डोळे मिटले, पदर सारखा केला आणि तोंड उघडलं. मी आयुष्यभरात हजारो वेळा मिस्सेला गेले असेन. कम्युनियन, ख्रिस्तशरीर घेणं, म्हणजे काय, हे मी त्या वेळी आईच्या तोंडाकडे पाहून शिकले. भूक लागलेल्या माणसाला घास मिळतो, तसं ते होतं.

बऱ्याच वेळाने आईने डोळे उघडले. "फिलोमिना, चहा घेशील ना?" आणि माझ्याकडे वळून, "साखर बेताची टाक. आणि तो तुझा फोन कुठे गेला? आज घरात फार शांत वाटतंय."

सोमवारचं ऑपरेशन चार तास चाललं. मी बाहेरच्या बाकावर होते, मावशी शेजारी होत्या. या वेळी त्या भरपूर बोलत होत्या: शाळेतल्या बाई, माझा तो फुटलेला गुडघा, सोमनाथच्या पोरीचं लग्न. मला भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू. पण आई उपाशी गेलेली नाही, एवढं मला ठाऊक होतं, आणि त्याच्या पुढचं माझ्या हातात नव्हतं. ते हातात नाही हे कळूनही मी बाकावर स्वस्थ बसू शकले, याचंच मला नवल वाटत होतं. आई वाचली. आता वॉकर घेऊन खिडकीपर्यंत जाते आणि घंटा झाली की उभ्याने प्रार्थना म्हणते.

फादर साधनेवरून परतल्यावर मी जाऊन माफी मागितली. पत्रकांतल्या मागण्यांची नव्हे, त्यांच्याबद्दल वापरलेल्या तीन-चार विशेषणांची. ते म्हणाले, "त्यातलं एक बरोबर होतं." कोणतं, ते सांगितलं नाही. कठड्याचं बघू म्हणाले, तोवर पायरीवर एक लांब गादी टाकली आहे, ज्यांना गुडघे टेकायचेत त्यांनी टेकावेत. मी टेकते. अजून दहा-बारा जण टेकतात. आमचा अर्ज बिशपांच्या ऑफिसात पडून आहे, मी दर महिन्याला जाऊन विचारते, विचारत राहणार. माझं मत बदललेलं नाही. पण माझ्या मताच्या दारात मी कुणाच्या तोंडचा घास अडवणार नाही. भाष्यकार दोन्हीकडचे अजून बोलताहेत. त्यांच्यावाचून आमचं जेवण होतं आता. आई तिच्या माहेरच्या गोष्टी सांगते. इतकी वर्षं ती सांगायला बसलेली होती, मला ठाऊकच नव्हतं.

प्रभू, मी तुला राखायला निघाले होते आणि तू पिकअपमध्ये माझ्या शेजारी येऊन बसलास, माझी बडबड ऐकत. तुझे आभार कसे मानायचे ते मला अजून नीट जमत नाही, म्हणून दर शनिवारी अर्धी सुट्टी टाकते आणि फिलोमिना मावशींना स्कुटीवरून मिशनघरापर्यंत पोहोचवते. जाताना आम्ही दोघी बोलत नाही. फाट्याच्या पुढे कधी कधी समोरून सोमनाथची पिकअप येते, टेप जोरात लावलेला. आम्ही दिसलो की लांबूनच गाणं बंद होतं, गाडी बाजूला उभी राहते, आणि आम्ही पुढे जाईपर्यंत तो डोक्यावरची टोपी हातात धरून बसतो.